प्रेमदासभाऊंचं पार्किंग आणि माझा अकरा पानी अर्ज

व्यापारी मंडळाचे आदरणीय अध्यक्ष रूपरावजी, मंचावरचे मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती प्रेमदासभाऊ, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या शकुबाईवहिनी, आणि आर्वीच्या बाजारात दुकान मांडणाऱ्या व त्या दुकानांत राबणाऱ्या बंधू-भगिनींनो,

प्रेमदासभाऊंनी आपलं पार्किंग एकोणीस वर्षं चार महिने सांभाळलं. पत्रिकेत वीस छापलं आहे. ती पत्रिका मी तपासलेली नाही.

मी मोटार वाइंडिंगवाला, जळालेल्या पंपांच्या मोटारींना नवी तार गुंडाळणारा. शाळा सातवीपर्यंत. वाइंडिंग शिकलो जुन्या मोटारी उसवून, आणि कायदे शिकलो स्वतः वाचून. त्यामुळे गेल्या वर्षी पार्किंगचा दर दोन तासांना दहा रुपये झाला, राहणारा असो, राबणारा असो की साडी घ्यायला आलेला पाहुणा असो, सगळ्यांना सारखा, तेव्हा अर्ज लिहायचा मान माझ्याकडे आला. खरं सांगायचं तर मीच घेतला. अकरा पानी अर्ज, सोबत पट्टीनं काढलेला नकाशा. नगरपालिकेनं मागणी मंजूर केली. बाजारात राहणाऱ्यांना महिना शंभर रुपयांत पास; घरपट्टीची पावती दाखवा आणि घेऊन जा. तुम्ही मला हार घातलात. मी नको म्हटलं नाही.

आठ दिवसांनी माझ्या काउंटरवरची आकांक्षा म्हणाली, काम सोडते. ती रोहण्याहून स्कुटीनं येते. दुकान बंद होतं त्या वेळेला तिच्या गावाची एसटी नाही. दहा तास गाडी उभी म्हणजे रोज पन्नास, सव्वीस दिवसांचे तेराशे. पगार नऊ हजार. हिशेब तिनं तोंडी केला, मी कागदावर ताडून पाहिला. बरोबर होता. मी म्हटलं, पास काढ.

"काका, घरपट्टी माह्या बापाची रोहण्यात आहे," ती म्हणाली. "काम करणाऱ्याचं नाव तुमच्या अर्जात कोन्त्या पानावर आहे?"

मी अकराही पानं चाळली. दुकानदार होता, गिऱ्हाईक होतं, नकाशात कडुनिंबाचं झाडसुद्धा होतं. काम करणारा माणूस तेवढा राहून गेला होता.

मी हे कोणालाही सांगितलं नाही. पण तिचे पन्नास रुपये रोज घेणाऱ्या प्रेमदासभाऊंना सांगायची गरज काय? ते संध्याकाळी दुकानात आले आणि विचारलं, घर इथून किती दूर? असा प्रश्न मला विचारू नये. मी म्हटलं, चारशे बारा फूट.

"मंग चारशे बारा फुटाले गाडी काऊन लागते, आनंदरावभाऊ? गाडी घरी ठेवा, पास पोरीले द्या. पासवर तुमचा पत्ता आहे, गाडीचा नंबर नाई. तो रकाना तुमच्याच अर्जात नोता."

म्हणजे एका अर्जात दोन चुका, आणि दुसरीनं पहिली झाकली.

दुसऱ्या दिवसापासून मी पायी. मग हे गृहस्थ दुकानोदुकानी फिरले, प्रत्येकाला त्याचं घर किती दूर ते विचारलं, आणि तेवीस दुकानदार पायी येऊ लागले. अध्यक्षमहोदय सुरुवातीला वाटेत दोनदा थांबायचे, एकदा दम लागला म्हणून आणि एकदा चहाला. आता फक्त चहाला थांबतात.

पण एक तारखेपासून प्रेमदासभाऊंच्या जागी ठेकेदाराचा माणूस येतो आहे, आणि त्याचं मशीन गाडीचा नंबर मागतं. आकांक्षा मागे दाराशी उभी आहे. परवा तिनं मला विचारलं, एक तारखेला येऊ की नको?

म्हणून नवा अर्ज केला आहे. प्रेमदासभाऊंनी सांगितला, मी लिहिला. अर्धं पान. बाजारात जो काम करतो त्यालाही पास द्यावा, आणि दुकानदाराचं पत्र हाच पुरावा धरावा. मी फक्त भाषा शुद्ध केली. तेही त्यांना फारसं रुचलं नाही. 'हा माणूस माझ्याकडे काम करतो' असं कागदावर लिहून देताना आपल्यातल्या काहींचा हात आखडतो, हे मला ठाऊक आहे. माझाही क्षणभर आखडला. पहिली सही माझी आहे. अर्ज त्या टेबलावर आहे, आणि जेवणाची ताटं टेबलाच्या पलीकडे. वळसा घालून जायला जागा नाही, मी मोजून पाहिली आहे.

प्रेमदासभाऊ, वहिनी, तुम्हाला आरोग्य लाभो. मंडळानं बोलायची संधी दिली, आभारी आहे. माझ्या अर्जातली चूक तुम्ही सगळ्यांनी वर्षभर पायी चालून सांभाळलीत. भाषणातली बसल्या जागी सांभाळून घ्या, आणि मग सहीसाठी उठा.