दिवसभर बात

नवरा बोलत नाही म्हणून कुरकुरू नका गं, माझं ऐका. लग्न होऊन नुकतीच कलकत्त्याला आले होते. हे तिथल्या इस्पितळात ल्युपससारख्या सांधे धरणाऱ्या आजारांवर संशोधन करायचे आणि घरी “हं” आणि “मीठ” एवढंच बोलायचे. मी आवडलेच नाही की काय, या विचाराने जीव थाऱ्यावर नसायचा. मला बंगाली येत नव्हतं, हिंदी जेमतेम. त्यात खालच्या मजल्यावरच्या बंगाली वहिनी म्हणाल्या, “तोमार डाक्तार तो सारादिन बात नियेइ थाकेन!” मला कळलं ते ‘सारादिन बात’ एवढंच, म्हणजे दिवसभर गप्पा! वर, रोगी बहुतेक तरुण मुलीच, असंही मोडक्या हिंदीत सांगून गेल्या.

संध्याकाळी चहाचा कप जरा आपटूनच ठेवला. “अहो, तिथे मुलींशी दिवसभर बाता मारता म्हणे?”

हे खो खो हसले. “अगं, बंगालीत बात म्हणजे संधिवात!”

आणि रोगी कसा तपासतात ते दाखवायला माझाच हात हातात घेतला. एकेक बोट हळूच दाबत विचारू लागले, “इथे दुखतं?”

दुखत काहीच नव्हतं. पण हात सोडतील म्हणून मी दर वेळी “हो” म्हणत गेले.

सकाळी उठून बघते, तर माझं रक्त काढायला हे सुई उकळत बसलेले!