माझ्या नावाची रेकॉर्ड

...आणि वर मलाच विचारतात, काकू, तुमचं तोंड का उतरलंय? उतरेल नाही तर काय होईल, शंभर घरांत माझं तोंड वाजतंय! भलं करायला गेले हो मी. थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काय कळणार, पहिल्यापासून सांगते. बसा. हातातलं काम राहू द्या.

माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे एक व्हायोलिनवाला राहायचा. एकटा जीव, लग्न नाही. का नाही ते मी विचारलं होतं, त्याने सांगितलं नाही, म्हणजे काहीतरी असणार, पण ते जाऊ दे. दुपारी दोन वाजले की हा पठ्ठ्या त्या भिंतीशी खुर्ची घेऊन रियाज करायचा, आणि नेमकी तीच माझी धाकट्या बहिणीला फोन करायची वेळ. भिंत तरी कसली, नावाला भिंत! त्याला शिंक आली की मी इकडून ‘वाफ घे रे’ म्हणायचे आणि तो तिकडून ‘हो काकू’. पोरगा गुणी. त्याची पार्सलं मी घ्यायची, कुणाकडून आलीत ते पाहून ठेवायची, ताप आला तर डबा द्यायची. मग त्याला दुसऱ्या शहरात मोठ्या वाद्यवृंदात नोकरी लागली. जाताना डोळे भरून आले हो त्याचे. म्हणाला, “काकू, तुमच्यासाठी एक रेकॉर्ड काढणार. जुन्यासारखी, काळी, मोठी. वर तुमचं नाव आणि आत तुमची चाल.”

झालं. माझ्या पोटात काय राहतंय? त्याचा टेम्पो कोपऱ्यावर वळायच्या आत सगळ्या बिल्डिंगला कळलं.

आणि मग काय... चार वर्षं! वर्ष गेलं, दुसरं गेलं, पोस्टमन मला बघून जिना बदलायला लागला. दुसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड हेडमास्तर रोज खालून, काय वहिनी, आली का तबकडी, की ती येईपर्यंत आम्हीच जाणार? आमचे हे दिवसातून तीन शब्द बोलतात. एके दिवशी ते तीन शब्द माझ्यावर खर्च केले: “तो विसरला असेल.”

इथे मला लागलं. सरळ फोन लावला त्याला. तर म्हणाला, काकू, तुमची चाल तयार आहे, पण कारखाना शंभराच्या खाली हातच लावत नाही, आणि माझी रेकॉर्ड घेणारे आत्तापर्यंत एकोणीसच झालेत. एवढंच ना? मी म्हटलं, एक्क्याऐंशी माणसं म्हणजे काय मोठंसं, दोन लग्नांतली ओळख! पदर खोचला आणि निघाले. बिल्डिंग झाली, ह्यांचं ऑफिस झालं, बहिणीचं सासर झालं, दाताच्या डॉक्टरला तर माझ्या तोंडात कापूस असताना तयार केलं मी. प्लेअर नाही म्हणाले त्यांना सांगितलं, भिंतीवर टांगा, घड्याळ करून घ्या, वर तुमचंसुद्धा नाव घालून देतोय तो. ऐंशी घरं मी स्वतः पायाने गोळा केली, एक्क्याऐंशीवं माझंच. भलं करायला गेले.

गेल्या महिन्यात खोकी आली. माझ्या पाकिटावर त्याच्या हाताने लिहिलेलं: ‘काकूंना, भिंतीपलीकडून.’ रडले मी, खोटं नाही सांगत.

आता वाजवायची कुठे? सबंध बिल्डिंगमध्ये चालू प्लेअर एकच, माझ्या दुसऱ्या बाजूच्या शेजारणीकडे, तिच्या गेलेल्या नवऱ्याचा. ही शिवणकाम करते, तोंडात सदा टाचण्या, म्हणून सगळे तिला टाचणीबाई म्हणतात. बावीस वर्षं रोज चार वाजता मी तिच्याकडे जाते. चहा ती करते, बोलते मी. तिने मापाच्या टेपा उचलल्या, कापडाचे ढीग पलंगाखाली सारले, तो बिनडोक्याचा पुतळा बाल्कनीत उभा केला आणि तीस माणसं त्या खोलीत कोंबली. मी मधोमध. नवी साडी.

सुई टेकली. खरखर... मग व्हायोलिन. काय सांगू, अशी हळू, अशी गोड, हेडमास्तरांनी चष्मा काढला. आणि त्या व्हायोलिनच्या मागून कुणीतरी बोलायला लागलं.

“अगं ऐक ना, तो हेडमास्तर... केस काळे करतो गं, आणि उशी वाळत घालतो ती उलटी करून.”

मी!

तुम्हाला सांगते, त्याने ती चाल इथेच भरून घेतली होती, भिंतीला लागून, दुपारी दोनला! खोलीत आधी हशा पिकला. हेडमास्तर सोडून सगळे हसले. मग वरच्या मजल्यावरचं जोडपं भांडताना टीव्ही मोठा करतं ते आलं, तेव्हा ते जोडपं सोडून सगळे हसले. दाताच्या डॉक्टरचं आलं. प्रत्येकाला वाटलं आपली पाळी झाली, आता बसून मजा बघू. मी उठून प्लेअरकडे धावले तर तीन जणांनी मला धरून बसवलं. आणि मग व्हायोलिन एकदम खाली आलं, अगदी धागा, आणि माझा आवाज स्वच्छ:

“आणि ही टाचणी. नवरा गेल्यापासून कुत्रं फिरकत नाही तिच्याकडे. मी जाते रोज. बसवत नाही गं तिथे, पण कीव येते.”

कुणी हसलं नाही.

अहो, तो तिच्याकडे जायला लागले त्या पहिल्या वर्षातला विचार माझ्या तोंडात राहून गेलेला! बहिणीपुढे मोठेपणा मिरवायला बोलले असेन. खरं काय ते मला विचारा ना. तीन शब्दांच्या घरात चारची वाट मी बघायचे. ती नसती तर माझं ऐकणारं होतं कोण? पण हे रेकॉर्डवर नाही. जे आहे ते कोरलेलं आहे, पुसताही येत नाही. ती उठली, रेकॉर्ड पाकिटात घातली, माझ्या हातात दिली आणि सगळ्यांना दार उघडून दिलं.

मी रडत व्हायोलिनवाल्याला फोन लावला. म्हटलं, मेल्या, हे काय केलंस? तर तो खूश! म्हणतो, “काकू, तोच तर सगळ्यात सुंदर भाग आहे. तुम्ही बरोबर माझ्या सुरात बोलता. इथली भिंत गप्प असते, मला वाजवायला होत नाही.” अरे पण मी काय बोलतेय ते तरी ऐकायचंस! म्हणतो, शब्दांकडे माझं कधी लक्षच नव्हतं काकू. सहा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिला आणि एक शब्द ऐकला नाही. आणि ज्यांनी घड्याळं करणार म्हणून घेतल्या ते आता जिन्यात एकमेकांना विचारत फिरताहेत, जुना प्लेअर मिळेल का कुठे.

पंधरा दिवस टाचणीबाईने दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवसापासून मात्र एक सुरू झालं. चार वाजले की तिच्या भिंतीतून व्हायोलिन. तिनेही एक घेतली होती ना, मीच गळ्यात मारलेली! व्हायोलिन आणि मागे मी. रोज. एक दिवस चुकवत नाही. काल मला राहवलं नाही, गेले, दार ठोठावत बसले. तिने साखळी लावून फटीएवढं उघडलं.

म्हटलं, “अगं, का लावतेस रोज? शिक्षा करतेस का मला?”

“नाही,” ती म्हणाली. “आधी दुखलं. आता चार वाजता घरात तुझा आवाज नसला की सुई चालत नाही.”

मला काय आनंद झाला! मी चप्पल काढायला लागले. म्हटलं, मग साखळी काढ की, मी आहे ना जिवंत.

“नको,” म्हणाली. “ही अठरा मिनिटांत गप्प होते.”

आणि दार लावलं. मग काय करायचं माणसाने? चार वाजता मी आपली माझ्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसते. तोंड अगदी मिटून. मी इकडून काही बोलले, तर तिला नीट ऐकू येणार नाही.