तात्यांच्या लेकीचं पुन्हा लग्न

मंडळी, आज एकच प्रश्न. खोटं बोलावं का? बोला! 'नाही'? वा, काय आवाज! दारात वर्गणीवाले आले की 'मालक घरात नाहीत' असं मालक स्वतःच आतून ओरडतात, ती आळी ही नव्हे वाटतं!

बरं, ऐका. मिरजेबाहेर म्हाताऱ्यांचं एक घर. सगळे विसरणारे. चष्मा कुठं ठेवला हे विसरणारे नव्हेत हो, चष्मा म्हणजे काय हेच विसरलेले! तिथं तात्या तगारे अंथरुणाला खिळलेले. डॉक्टर म्हणाले, आता थोडेच दिवस. मागतील ते द्या, जबरदस्ती नको. पण तात्या मागतील तर ना! चमचा दिसला की ओठ घट्ट. "आज माझा उपास. मुलीचं लग्न आहे!"

खरंच आहे! कन्यादान झाल्याशिवाय बाप जेवतो कुठं? पण लग्न कुणाचं? कुमुदचं! आणि कुमुद तर उशाशी बसलेली. साठीची, नातवंडांची आजी! "अहो तात्या, मीच कुमुद! माझं लग्न कधीच झालं!" तात्या हात जोडतात. "बाई, आपण वरपक्षाकडच्या का? बसा, चहा घ्या."

रोज हेच! ती लग्नाचे फोटो दाखवायची. तात्या म्हणायचे, छान जोडा, कुणाचा? ओठ सुकत चाललेले. बाप माझा उपाशी जाणार, याच धास्तीनं पोरगी खचली.

शेवटी तिथल्या एलिझाबेथ सिस्टर कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ताई, लग्न लावून टाका!"

"कुणाचं?"

"तुमचंच!"

झालं! नवऱ्याला फोन. मुकुंदराव आले. कमरेला पट्टा, डोक्यावर औषधाला केस नाही! म्हणतात, "पुन्हा? आणि पुन्हा हिच्याशीच?"

हसू नका, तुम्हाला तरी निवड मिळाली असती का?

पलंगाच्या चादरीचा अंतरपाट. बँडेजच्या मुंडावळ्या! भटजी? नाहीच. सिस्टर ख्रिश्चन, त्या काय म्हणणार! तेवढ्यात खाटाखाटांवरून सूर उठला. स्वतःचं नाव न आठवणारी माणसं, पण मंगलाष्टकं खडान्‌खडा पाठ! अक्षता अशा भिरकावल्या की नवरदेवाच्या टकलावर ताशा वाजला.

तात्यांनी पाणी सोडलं. कन्यादान झालं! कुमुदनं चमचा पुढं केला. "घ्या आता."

"छे! व्याही जेवले का?"

घ्या! व्याही म्हणून शेजारच्या खाटेवरच्या बाबूराव डाफळ्यांना बसवलेलं. आणि ते रुसले! नाटक नव्हे, खरोखर रुसले! "आमचा मान कुठाय?" सिस्टरनं कोरा टॉवेल दिला, तो भिरकावला! जिलबी दिली, तोंड फिरवलं! इकडं तात्यांचा श्वास वर लागलेला, आणि ह्यांना मान हवा!

मग तात्यांनी उशीवरूनच हात जोडले. "व्याहीबुवा, गरीब बाप आहे. चुकलंमाकलं पोटात घाला. पोर लाडाची आहे. तिला कधी उपाशी झोपवू नका."

बाबूरावांनी टॉवेल उचलला, डोक्याला गुंडाळला, आणि मुकाट्यानं जिलबी खाल्ली. आणि मघापासून चेष्टा करणारे आमचे मुकुंदराव पट्ट्यासकट वाकले, सासऱ्याच्या पायांवर डोकं टेकलं. "नाही झोपवणार, मामा." रडत होते हो!

तेव्हा तात्यांनी तोंड उघडलं. बोटभर श्रीखंड. गिळलं! आणि कुमुदकडं बघून म्हणाले, "कुमे, रडतेस काय वेडे? सुखानं जा. दिवाळीला येतो मी तुला न्यायला."

दुसऱ्या दिवशी तात्या गेले. जेवून गेले.

आता सांगा, खोटं बोलावं का? का, आवाज बसला? अहो, घरी म्हातारी विचारते, "माझी आई कुठाय?" आणि तुम्ही ताठ मानेनं म्हणता, ती कधीच मेली! तुमचं खरं होतं, पण तिची आई रोज नव्यानं मरते. कुणी दिला हा अधिकार? आज घरी जा. तिनं विचारलं तर म्हणा, वाटेत आहे आई, तोवर दोन घास खाऊन घे. आणि भरवा! इथं टाळ्या कसल्या वाजवता, उठा, तिची जेवायची वेळ झालीय!