तिसरी पिन

शपथेवर सांगतो ताई, यातलं एक अक्षर खोटं नाही — म्हणजे थोडं तिखटमीठ असेल, तेवढं सोडून द्या. तुम्ही विचारलंत ना, मशीनवर ‘तपासले’ असा हिरवा स्टिकर असताना मी पुन्हा मीटर का लावतोय — आईंना दुसरं मशीन जोडलंय, घाबरू नका — तर ऐका. माझ्या आधी या हॉस्पिटलात एक मेकॅनिक होता. महाआळशी! स्टोअरमध्ये खुर्ची टाकून, चहा पुढ्यात घेऊन, वर्षभराच्या स्टिकरांवर एका बैठकीत सह्या करायचा. मग वॉर्डावॉर्डात फिरून चिकटवायचा. मशीन चालतंय ना? झालं तर मग! आता हा प्लग बघा, तीन पिना. चालायला दोनच पुरतात. ही तिसरी, जाडी, हिचं काम एकच — आत वायर सुटली तर करंट जमिनीत न्यायचा, माणसात नाही. ती मोडली तरी मशीन आपलं मजेत चालू. मीटर लावला तरच कळतं. आणि मीटर लावतोय कोण?

असंच एक कफ ओढायचं मशीन, पिन मोडलेली, वर स्टिकर ताजा. सिस्टरनं एक हात मशीनला, दुसरा पलंगाच्या दांडीला लावला मात्र — अशी उडाली, अशी उडाली की टोपी पंख्याला अडकली! हसा, हसा. सगळेच हसतात इथे. मग चौकशी. साहेब म्हणाले, तपासलेलं मशीन, शॉक कसा लागला? मी म्हटलं, सिस्टरचे हात ओले असतील — म्हणजे, तो म्हणाला. तो. साहेबांनी तसंच लिहून घेतलं. तान्ह्या बाळाची शीर पहिल्या खेपेला सापडायची हो तिला — आता बोटं थरथरतात, सुई धरवत नाही. खाली खिडकीत बसून केसपेपर लिहिते. परवा मलाच म्हणाली, “भाऊ, खरंच ओले होते का हो माझे हात? मला तर पुसल्याचं आठवतंय.”

मी काय म्हटलं? म्हटलं, असतील.

...टोपी पंख्याला अडकली नव्हती, ताई. ती होती तिथेच खाली बसली, तोंडातून आवाजही न काढता. आणि तो आधीचा मेकॅनिक — तोही माझ्याच पदरचा. बावीस वर्षं इथे मीच आहे.

झालं. मीटर बरोबर दाखवतोय. जा, बसा आईजवळ — थांबा! दांडीला हात लावू नका. आधी मी लावतो. एक हात मशीनला, दुसरा दांडीला.