अष्टमीचा चिखल

– नाही, नाही, पाय मी धुतो, वहिनी, तुम्ही फक्त तांब्या ठेवा. आणि धर्माजी, तुम्ही असे ताटकळत उभे राहू नका. मैनाला लाँचवर घालायचंय ना, घालू. सुईण म्हणते मूल आडवं आहे, श्रीवर्धनच्या दवाखान्यात न्यायलाच हवं, तुमच्या होड्या सगळ्या चिखलात बसल्यात, पाणी संध्याकाळशिवाय येत नाही – कळलं मला, दारात पाऊल टाकल्या टाकल्या कळलं. पण लाँच आहे की तिकडे खोल पाण्यात, आत्ताच उतरलो मी तिच्यातून. आमदार उतरलाय म्हटल्यावर लाँच कुठे जाते? पोरीचं आत आवरू दे. तोवर मला जरा दम खाऊ द्या.

गुडघ्याएवढा चिखल, तांडेल. एक वहाण आतच राहिली. आणि आठच दिवसांपूर्वी, एक तारखेला, इथेच धक्क्याची फीत कापली आपण – मुंबईहून पाहुणे आणले होते, लाँच धक्क्याला अशी टेकली की त्यांच्या बुटाला थेंब लागला नाही. आज बघतो तर धक्का कोरड्यात उभा आणि त्याच्यावर बगळे बसलेत. हसू नका. म्हणजे तुम्ही हसलात असं नाही म्हणत मी.

बरं, पत्रक. नवीन वर्षाचं. गावोगाव वाटायचंय, पण पहिलं तुम्हाला वाचून दाखवतो, तुमचं नाव आहे त्यात. ‘सन एकोणीसशे एकसष्टच्या आरंभी माझ्या मतदार बंधुभगिनींस सप्रेम नमस्कार. सरत्या वर्षी आपले महाराष्ट्र राज्य झाले’ – ते मी केलं असं कुठे म्हटलेलं नाही, पण परिच्छेद एकच ठेवलाय. पुढे – ‘म्हसळ्याकडून येणारा रस्ता पुरा झाला. कोळीवाड्यास बारमाही धक्का मिळाला. यापुढे अडल्यानडल्या आयाबहिणींना चिखल तुडवावा लागणार नाही’ – हं. ते राहू दे. ‘याबद्दल समस्त कोळी बांधवांच्या वतीने श्री. धर्माजी तांडेल यांनी आभार मानले आहेत.’ मानले नाहीत, ठाऊक आहे मला. छापखान्यात मजकूर डिसेंबरातच द्यावा लागतो. म्हटलं, मानतीलच.

होईल हो मैना तयार, वहिनी, तुम्ही आत-बाहेर करू नका, थांबते लाँच. माशांच्या पाट्या चढवतायत अजून, वेळ लागतो त्याला.

आता तुम्ही म्हणाल, धक्का इथे कुणी बांधायला सांगितला? मीच. मी डोंगरातला माणूस, म्हसळ्याच्या वरचा, मला समुद्र म्हणजे एक पाणी. दर पौर्णिमेला हरिहरेश्वराला जातो, नेम आहे माझा, येताना इथे उतरून जागा बघायची – तीनदा बघितली, तिन्ही वेळा पौर्णिमा, तिन्ही वेळा दुपारचे बारा, आणि तिन्ही वेळा पाणी काठोकाठ. उधाणाच्या दिवसांत तुमचे सगळे पुरुष दर्यावर, सांगणार कोण? तुम्ही सांगितलंत. एकदा अष्टमीला येऊन बघा, तेव्हा भर दुपारी ओहोटी असते, म्हणालात. मी म्हटलं, अष्टमीला माझा उपास असतो, बाहेर पडत नाही – आज पहिल्यांदाच पडलो, पत्रकापायी. झालं, तेवढ्यावर विषय संपला. ओव्हरसियरनंही लिहिलं होतं, धक्का पलीकडे खडपाकडे न्या, तिथे पाणी हटत नाही. पण खडक फोडायला आणखी वर्ष गेलं असतं, आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीत निवडणूक. तो कागद माझ्या खणात आहे – म्हणजे, असेल. हे तुम्ही बाहेर बोलणार नाही, माहीत आहे मला. तुम्ही आतही बोलत नाही.

काय झालं? भोंगा? लाँचचाच वाटतो. असाच वाजवतात ते, पाट्या चढल्या की वाजवतात. बसा. नाही – बसा, धर्माजी, धावून उपयोग नाही. गेली ती. मीच सांगितलं लाँच चालवणाऱ्या सारंगाला, तू जा, मी जीपनं येईन म्हणून. मला परत त्या चिखलातून जायचं नव्हतं, पोरंटोरं बघत होती, एक हसलंसुद्धा. मैनाचं तेव्हा काय माहीत मला? कळलं ते इथे. आणि कळलं तेव्हाच कुणाला तरी पळवायला हवं होतं, पोचला असता. पण तोवर ‘लाँच कुठे जाते’ म्हणून बोलून गेलो होतो ना. आमच्या तोंडातून ‘हो’ आधी जातो. मग म्हटलं, पाट्या आहेत, वेळ लागेल, काहीतरी होईल. लाज वाटली मला, दुसरं काही नाही.

जीप आहे. चारला येतेय. दारापर्यंत नाही येणार – ओढ्यावरची मोरी व्हायचीय अजून, पलीकडे उभी राहील. दीड कोस. हो, पत्रकात पुरा म्हटलाय रस्ता. मोरीची खडी येऊन पडलीय.

ही चार माणसं कशाला आली? खांद्यावर नेणार तिला, ओढ्यापर्यंत? बरोबर आहे, न्या, मी पुढे होतो, जीपवाला लवकर आला तर – काय? उठू? का? हां. ही बाज न्यायचीय. घरात एकच आहे होय. अहो, मग आल्या आल्या का नाही म्हणालात उठा म्हणून? पाहुणा बसलाय, त्याला कसं उठवायचं, म्हणून? मी अर्धा तास इथे –

उठलो. उठलो, धर्माजी. घ्या.