नाक खाली गेलेले विमान

जबाब देणार : बाजारात 'विमानवाल्या बाई' अशी ओळख, कागदोपत्री नाव ओळखपत्रावरून वेगळे उतरवून घेतले आहे. वय ५७ वर्षे. धंदा : हॉटेले, दुकाने व प्रवास कंपन्यांच्या कचेऱ्यांसाठी शोभेची विमाने बनवणे. राहणार : पुलाखालची गल्ली, चाव्यावाल्याच्या दुकानावरचा मजला.

मी स्वतः पोलीस ठाण्यात हजर असून, विचारले त्यावरून सांगते ते येणेप्रमाणे :

वरील पत्त्यावर मी पतीसह राहते. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत आमचे काम चालते. पती सांगाडा बांधतात, मी कापड चढवते आणि रंग देते. टांगायला दोघे मिळून जातो. आमची विमाने उडत नाहीत. हे आधीच सांगते, कारण इथे आल्याबरोबर दोघांनी तेच विचारले.

स्वभावाने मी काळजी करणारी आहे. गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत फिरते. घरात मला सगळे 'धास्ती' म्हणतात, पती तर चारचौघांतही म्हणतात. हे लिहायची गरज नाही असे जबाब लिहून घेणारे साहेब म्हणाले. पण लिहावे, कारण पुढचा घोळ त्यातूनच झाला आहे.

चौकातल्या मोठ्या हॉटेलात आमचे एक विमान आहे. जुन्या पद्धतीचे, एकावर एक पंख असलेले, पिवळे. अंग पातळ लाकडी पट्ट्यांचे, वरून कापड, आतून पोकळ. ओल धरून कापड सुटू नये म्हणून पोटात मी वॉर्निश दिले आहे. दिसायला ते जेवणाच्या टेबलापेक्षा मोठे असले तरी वजनाला काहीच नाही, मी एकटी उचलते. दारातून आत गेल्यावर मोकळी जागा आहे, तिथे पक्क्या स्लॅबमध्ये हूक ठोकून आम्ही ते तारांनी टांगले होते. खाली कोणी बसणार नाही अशी जागा मीच मागून घेतली होती. नाक किंचित वर ठेवले होते. आमच्या धंद्यात नाक नेहमी वरच ठेवतात. नाक खाली असलेले विमान कोणताही मालक आपल्या जागेत लावून घेत नाही.

आज दुपारी मी रंग आणायला निघाले होते. जाता जाता सवयीने हॉटेलच्या काचेतून वर पाहिले. विमान जागेवर नव्हते. ते आत भिंतीकडे, एसीच्या खाली, एका टेबलावर टांगलेले दिसले, आणि त्याचे नाक खाली गेले होते. रंग राहिला बाजूला, मी आत शिरले.

मॅनेजरनी मला खांबाआड घेतले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, एसी गळतोय. गिऱ्हाइकाच्या ताटात थेंब पडायचे. मालकांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, इतके दिवस झोपला होतास का? म्हणून तुमचं विमान तिथं आणलं. त्यातल्या वैमानिकाच्या बसायच्या जागेवरचं झाकण काढलं, थेंब बरोबर आत जातात. बघणाऱ्याला पत्तासुद्धा लागत नाही. आहे की नाही डोकं?"

मी विचारले, "आणि वर बांधलंय कशाला?"

"खोट्या छताची पट्टी आहे ना, तिलाच."

ती पट्टी दिवा धरण्यापुरती असते. पाणी कधी काढता असे विचारल्यावर ते म्हणाले, "काढायचं कशाला? वाळतं की."

वॉर्निश दिलेल्या पोटात पाणी तसेच साठून राहते. ते पुढे नाकात जमले होते, म्हणून नाक खाली गेले होते. किती जमले असेल हे मला खालून सांगता येत नव्हते, आणि तीच मला भीती होती.

टेबलाशी एक आजोबा, त्यांची सून आणि उंच खुर्चीत बसवलेले लहान मूल होते. मी त्यांना उठायला सांगितले. आजोबा म्हणाले, "आत्ताच सूप आलंय हो." तेवढ्यात मालक आले. मी त्यांना विमान उतरवू द्या म्हणून हात जोडले. मॅनेजर माझ्याकडे न बघता म्हणाले, "यांना उगाच काहीतरी वाटतंय, साहेब." मालक म्हणाले, "बाई, जेवणाच्या वेळी मी शिडी लावू देणार नाही. संध्याकाळी या, हवं ते करा."

यानंतर मी टेबलावरचे कापड दोन्ही हातांनी ओढले, हे खरे आहे. सूप, ताटल्या, पाण्याचा जग, सगळे खाली आले. सुनेने मुलाला उचलले आणि तिघेही दाराकडे पळाले. मला तेवढेच हवे होते. विमान मात्र पडले नाही. ते वर शहाण्यासारखे लटकत राहिले आणि खाली मी वेडी ठरले. मालकांनी तक्रार दिली आणि मला इथे आणले.

नुकसानीबद्दल मला पुढेही विचारावे, मी कुठे पळून जात नाही. परंतु ते टेबल रिकामे ठेवा असे मी आल्यापासून सांगत आहे. त्यावरून साहेबांनी हॉटेलला फोन केला. तो मॅनेजरनी उचलला आणि म्हणाले, "सगळं कोरडं आहे, साहेब." मॅनेजर वाईट मनुष्य नाहीत. मालक शेजारी असताना ते दुसरे काय बोलणार? पण त्यांच्या नोकरीच्या भीतीपेक्षा माझी भीती मोठी आहे आणि ती कोणी ऐकून घेत नाही. जबाब पुरा झाला की शिपाई पाठवतो असे साहेब म्हणाले, म्हणून मी भरभर सांगत आहे.

इथपर्यंत सांगून झाल्यावर माझ्या पतींचा फोन आला. माझ्या वतीने माफी मागायला ते परस्पर हॉटेलात गेले आहेत, असे त्यांनी सांगितले. "मालक भला माणूस आहे गं. तक्रार मागे घेतो म्हणतोय. मला मानानं बसवलंय, आपल्या विमानाखालीच. नवीन कापड घातलंय. चहा मागवलाय."

मी म्हणाले, "उठा तिथून आधी. वर बघा."

ते म्हणाले, "मालक समोर बसलेत आणि मी वर काय बघू? धास्ते, आज तरी गप्प बस. केलंस तेवढं पुरे." आणि फोन ठेवला. मी परत लावला तर बंद. मी दाराकडे निघाले तेव्हा शिपायाने मला धरून बसवले, हेही लिहावे.

त्यानंतर ठाण्याचा फोन वाजला. पलीकडे हॉटेलचे मॅनेजर होते. साहेबांनी आवाज मोठा केला, म्हणून आम्ही सर्वांनी ऐकले. ते कुजबुजत होते, "त्या बाईंना विचारा, पाणी काढायचं झालं तर भोक कुठं पाडायचं? नाक अजून खाली आलंय. पट्टी करकरतेय."

मी ओरडले, "भोक पाडू नका, धक्क्यानं खाली येईल! आधी माझ्या माणसाला उठवा!"

"मालक बसलेत त्यांच्याबरोबर. मी कसं उठवू?"

"मग फोन नेऊन त्यांच्या कानाला लावा!"

ते गेले. पतींचा आवाज आला, "आता काय गं?" मला खूप सांगायचे होते, तोंडातून एवढेच निघाले की उठा. ते "धास्ते..." म्हणाले आणि मध्येच थांबले. मग म्हणाले, "माझ्या चहात वरून काहीतरी पडलं."

मी म्हणाले, "मालकांचा हात धरा आणि पळा." लग्नाला इतकी वर्षे झाली, पण का म्हणून न विचारता त्यांनी माझे ऐकले ते आज पहिल्यांदा. खुर्च्या सरकल्याचे ऐकू आले. त्यानंतर जो आवाज झाला तो साहेबांनी, शिपायाने आणि मी, तिघांनीही ऐकला आहे. मी "अहो, अहो" करत राहिले. साहेबांनी पेन खाली ठेवले होते.

बऱ्याच वेळाने पती बोलले. त्यांना धाप लागली होती. म्हणाले, "दोघंही भिंतीशी आहोत. टेबल गेलं. मॅनेजर म्हणतोय, भोक पाडायचं काम आता उरलं नाही."

माझा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. ऐकताना मी रडत होते, त्यामुळे शेवटचा भाग दुसऱ्यांदा वाचावा लागला. सही वाकडी आली आहे, पण ती माझीच आहे.