आजी पण तयार आहे

टालिया: निळा साडी नको ना आजी. तो मरून वाला घाल. निळा इज सो सॅड.

शर्ली: साडी ती असते गं बाई. ती साडी, ती निळी. एकोणीस वर्षं माझ्या मांडीवर मराठी ऐकलंस आणि अजून साडीला पुरुष करतेस.

टालिया: सॉरी, सॉरी. ती निळी साडी. बट व्हाय निळी?

शर्ली: कारण किल्ल्यावर गेले तेव्हा निळी नेसले होते. हीच नव्हे. ती कधीच फाटली. पण रंग हाच.

टालिया: ओ माय गॉड, किल्ल्याची स्टोरी! दॅट्स लिटरली आपला एपिसोड थ्री!

शर्ली: तुझ्या कोरियन सिरीयलमधल्या पोरीचं कौतुक नको सांगू मला. ती दोघं दीपगृहात अडकली, वर हीटर चालू. आम्ही अलिबागच्या किल्ल्यात अडकलो. ओहोटीला चालत जाता येतं, भरती आली की बसा सहा तास. मी अठराची, गर्शोन विसाचा. पाणी उतरल्यावर परत आलो, तर आपली सगळी ज्यू मंडळी, अख्खी इस्राईल आळी किनाऱ्यावर उभी. पुढे आमचे पपा, हातात काठी.

टालिया: आणि सहा तास तुम्ही काय केला? टेल मी द ट्रूथ.

शर्ली: चणे खाल्ले. एक पुडा. त्यातले निम्मे ह्याने माशांना टाकले.

टालिया: सच अ स्लो बर्न लव्हस्टोरी.

शर्ली: बर्न कसला डोंबलाचा! पुढच्या वर्षी तो इस्राएलला गेला. वाट बघ म्हणाला. चार वर्षं पोस्टमनची वाट बघितली, एक पत्र नाही. मग तुझे आजोबा आले. चांगला माणूस, माझं काही म्हणणं नाही, देवाने त्यांना सुखात ठेवावं. पण मजा बघ, पुढे दोघंही इथे लंडनला, हा वॉटफर्डमध्ये, मी ईलिंगमध्ये, तीस वर्षं. मध्ये अर्ध्या तासाचा रस्ता, आणि दोघांना पत्ता नाही. कोणाच्या तरी लग्नात गेल्या वर्षी जेवायच्या रांगेत पुढ्यात उभा. म्हणतो, शर्ली, चणे नाहीत इथे.

टालिया: आय कान्ट. आय ॲक्च्युअली कान्ट. त्याचा वाइफ नाही, तुझा हजबंड नाही. व्हॉट आर यू वेटिंग फॉर?

शर्ली: ही पिन धर. नीट. तुझ्या सिरीयलमध्ये बारा भाग नुसते एकमेकांकडे बघतात, त्यांना नाही विचारलंस?

टालिया: बट फिफ्टीन्थ एपिसोडला ती यस म्हणते! सोल सिटी सोडून गावी परत येते आणि त्याला शोधते. ओन्ली लास्ट एपिसोड बाकी.

शर्ली: मग माझा आज पंधरावा भाग समज. पंधरा दिवस झाले, तो म्हणतोय, चल अलिबागला. कायमची नको, दोन महिने. मुलाला, एलीला म्हणतो पोचवायला ये, मग तू परत जा, आम्ही दोघं राहू. ओहोटी बघून तिकीट काढू म्हणतो, मेला. मी आपली 'बघते, बघते'. गुडघे दुखतात, लोक काय म्हणतील, शंभर नाटकं. बुधवारी म्हणाला, शुक्रवारी ये आणि समोर बसून सांग.

टालिया: अँड टुडे इज फ्रायडे!

शर्ली: आज शुक्रवार. आणि मी हो म्हणणार आहे. झालं? ऐकलंस? चौऱ्याहत्तराव्या वर्षी केस सेट करून आले आहे. काल अख्खा दिवस गव्हाच्या चिकाचा हलवा ढवळलाय, खांदा निखळला. लग्नात एवढी तयारी नव्हती माझी.

टालिया: ओ. ओ नो. आजी. वेट.

शर्ली: आता काय?

टालिया: वॉटफर्डहून फोन आला होता. तू हेअरड्रेसरकडे होती तेव्हा. देन माझा ऑनलाइन लेक्चर सुरू झाला अँड आय टोटली फरगॉट. निधी आंटी होती, एली अंकलचा वाइफ. आय वॉज सो प्राउड, मी पूर्ण कॉल मराठीत केला!

शर्ली: बरं, बरं. काय म्हणाली?

टालिया: ते गेले.

शर्ली: कोण गेले?

टालिया: ते. दे. गर्शोन अंकल आणि एली अंकल, आय गेस. अलिबागला. दे लेफ्ट. तीन वाजता आहे.

शर्ली: काय आहे तीन वाजता?

टालिया: फ्लाइट! निधी आंटी म्हणाली तीन वाजता, सनसेटला शब्बाथ लागतो त्याच्या आधी.

शर्ली: आज? अगं, तिकीट काढायचं होतं अजून!

टालिया: काढला असेल ना.

शर्ली: मेला! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! मला पंचावन्न वर्षं वाट बघायला लावली, आणि ह्याला एका दुपारपर्यंत दम निघाला नाही? मला ये म्हणाला ना आज? समोर बसून सांग म्हणाला ना?

टालिया: मे बी त्याला स्वस्त तिकीट मिळाला.

शर्ली: नाही गं. स्वस्त नाही. मीच केलं हे. 'बघते, बघते' म्हणत बसले, त्याने 'नाही' समजलं. माणसाने किती दिवस 'बघते' ऐकायचं? मी त्याच्या जागी असते तर मी पण गेले असते. काढ ह्या पिना. काढ सगळ्या.

टालिया: नो! आजी, नो. आपण जायचं.

शर्ली: कुठे?

टालिया: हीथ्रो! एव्हरी सिंगल ड्रामामध्ये एअरपोर्टला धावतात. ईलिंगहून पंचवीस मिनिट. आत्ता फक्त सव्वाबारा वाजला.

शर्ली: तीनचं विमान म्हणजे तो एक वाजता आत जाणार. आधीपासूनच घाबरट, स्टेशनवर दोन तास आधी जाऊन बसायचा.

टालिया: सो सिक्युरिटीच्या आधी पकडू! तू फक्त 'हो' म्हण. त्याला थांबव नको, फक्त ओरड. 'हो!' देन तो जाईल, तू नेक्स्ट वीकला जा. मी उबर बुक करते.

शर्ली: लोकांसमोर ओरडू? ह्या वयात?

टालिया: त्याला ऐकू कमी येतं, तूच म्हणालीस.

शर्ली: ते खरं आहे. आण माझे बूट. ते नको, चपटे आण. आणि हलव्याचा डबा घे. त्या सिक्युरिटीवाल्यांना हलवा चालतो का गं? लिक्विड म्हणतील?

टालिया: घट्ट आहे का?

शर्ली: तुझ्या आजोबांच्या हट्टापेक्षा घट्ट. चमचा उभा राहतो.

टालिया: देन इट्स फाइन. उबर नऊ मिनिट. तू त्याला कॉल कर, सांग आम्ही येतो.

शर्ली: करतेय. वाजतोय… उचलत नाही. रुसलाय. बघ, रुसलाय माझ्यावर.

टालिया: किंवा सायलेंटवर आहे. परत कर.

शर्ली: नाही उचलत. एवढं काय ते! बाई गं, माझं काळीज बघ कसं उडतंय. हसू नको. त्या वेळी पण असंच उडत होतं, भरतीचं पाणी पायरीला लागलं तेव्हा. मला वाटायचं भीतीने उडतंय.

टालिया: आजी, यू आर सो क्यूट, आय विल क्राय. डेस्टिनेशन फक्त हीथ्रो टाकलंय. कुठला टर्मिनल?

शर्ली: मला काय माहीत? निधीने सांगितलं असेल.

टालिया: टर्मिनल नाही बोलली. नंतर एक पोस्टकोड पाठवला. आय थॉट एअरपोर्ट हॉटेल किंवा पार्किंग.

शर्ली: नीट सांग ती काय म्हणाली. तू समजलीस ते नको. तिचे शब्द.

टालिया: माझ्याकडे आहेत! मी नोट्समध्ये लिहिले, प्रॅक्टिससाठी, न्यू वर्ड्स आर इन कॅपिटल्स. वाचू? 'आजींना सांग, ते पहाटे गेले.' पहाटे मला माहीत नाही, म्हणून कॅपिटल्स. 'काही त्रास झाला नाही.' सो, इट वॉज नो ट्रबल. आय थॉट टॅक्सी वेळेवर आला. अँड देन, 'शब्बाथच्या आधी, तीन वाजता नेणार.' दॅट्स इट.

(शर्ली हातातला फोन खाली ठेवते.)

टालिया: आजी? उबर सहा मिनिट. टर्मिनल टू टाकू?

शर्ली: परत वाच.

टालिया: सगळं?

शर्ली: मधलं.

टालिया: 'काही त्रास झाला नाही.'

शर्ली: बरं झालं. त्रास नाही झाला, बरं झालं.

टालिया: आजी, तू बस.

शर्ली: निधी कुठली आहे, माहीत आहे तुला?

टालिया: पुणे?

शर्ली: पुण्याची. चांगल्या वळणाची मुलगी. सासऱ्याला 'अहो बाबा' म्हणते. सासऱ्याविषयी बोलताना 'ते' म्हणते.

टालिया: ते मीन्स दे.

शर्ली: ते म्हणजे एक माणूस पण असतो, बाळा. आपल्यात मान द्यायचा असला की एका माणसाचे पुष्कळ होतात. मी तुला हे शिकवायला हवं होतं. साडीचं शिकवत बसले.

टालिया: सो फक्त गर्शोन अंकल गेले? एकटे?

शर्ली: एकटाच गेला.

टालिया: अलिबागला एकटे? बट ही इज सेव्हंटी-सिक्स…

शर्ली: तो पोस्टकोड मॅपवर उघड.

टालिया: वन सेकंड. इट्स… आजी. आजी, इट्स अ सेमेटरी.

शर्ली: हं.

टालिया: नो. नो नो नो. ती म्हणाली गेले! गेले मीन्स लेफ्ट!

शर्ली: हो. तेच म्हणतात.

टालिया: अकरा वाजल्यापासून मला माहीत होता. अँड आय डिडन्ट नो. मी तुला साडीचा कलर सांगत होती.

शर्ली: तुझा काय दोष त्यात? आणि मी मघाशी त्याला काय म्हटलं, माहीत आहे? मेला म्हटलं. दोनदा.

टालिया: म्हणजे?

शर्ली: काही नाही. शिवी आहे. आपल्या माणसाला देतात.

टालिया: तो… ते… मी आता काय म्हणू?

शर्ली: तू 'ते' म्हण. तुझ्यापेक्षा मोठा होता. मी 'तो'च म्हणणार. किल्ल्यावर पण तो, आज पण तो. एवढा मान मी त्याला कधी दिला नाही, आता काय द्यायचा.

टालिया: आजी, त्याला माहीत होतं का? तू यस म्हणणार होती ते?

शर्ली: कुठून माहीत असणार? मी सांगितलं कुठे? त्याला 'बघते' माहीत होतं. 'बघते'वरच गेला तो.

टालिया: डोन्ट से दॅट. प्लीज.

शर्ली: मग काय म्हणू? अगं, एक शब्द होता. बुधवारी फोनवर सांगितला असता तर काय माझी जीभ झडली असती? मला समोर बसून सांगायचं होतं. केस करून. निळी नेसून.

टालिया: उबर दोन मिनिट. कॅन्सल करू?

शर्ली: नको. पत्ता बदल. आपल्यात ठेवत नाहीत, शब्बाथ लागायच्या आत माती देतात. तीनपर्यंत पोचू ना?

टालिया: मॅप म्हणतो पन्नास मिनिट. पोचू. साडी बदलायची का? तो काळी… ती काळी?

शर्ली: असू दे निळी. त्याच्यासाठीच नेसलेय. आता त्याने बघितली काय आणि नाही काय.

टालिया: आणि डबा?

शर्ली: गोड नेत नाहीत गं ह्या वेळी. ठेव ओट्यावर. चिकाचा आहे, राहील चार दिवस. तुझ्या त्या सिरीयलमध्ये ती पोचते ना शेवटी? बंदरावर?

टालिया: …हो. मी स्पॉइलर्स वाचले. पोचते.

शर्ली: बरं झालं. कोणीतरी पोचलं.

टालिया: आजी, मला एक सांगायचंय. रागावू नको. निधी आंटीने सांगितलं ना, तेव्हा मी… मी म्हटलं, 'वा, छान!'

शर्ली: अगं आई गं.

टालिया: अँड देन मी आणखी बोलली. आय थॉट मी तुझी मदत करते. मी म्हटलं, 'वा, छान! आजी पण जायला तयार आहे. केस पण केले.' मग ती रडायला लागली, आय थॉट तिला सर्दी आहे. आता मी तिला तोंड कसा दाखवू? तिला काय सांगू? आजी, मी काय बोलली हे?

शर्ली: ये इकडे. पूस डोळे, गाडी आली खाली. 'बोलली' नाही गं, 'बोलले'. तेवढंच चुकलं. बाकी बरोबर सांगितलंस.